घर ऐकते आहे का?

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आरंभीच एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावचे हे घर. वडील माध्यमिक शाळेत शिक्षक, आई घर सांभाळून शिकवण्या घेणारी, शिवाय घरात सत्तरी ओलांडलेली आजी. मुलगा दहावीला चौऱ्याण्णव टक्के गुण मिळवून अकरावीसाठी लातूरला गेलेला. खोली दोघांत मिळून, जेवण खाणावळीत, सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि दर आठवड्याला चाचणी. दिवाळीला घरी आला तेव्हा तो फारसे बोलेना. फराळाच्या ताटाला त्याने जेमतेम हात लावला. लहान बहिणीने कंदिलाचे कागद पुढे केले तर तिच्यावर खेकसला. परत जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, सोनोग्राफी झाली, अहवालात दोष काही निघाला नाही. ‘काही झालेलं नाही याला, अभ्यासाचा कंटाळा आलाय,’ असा निकाल वडिलांनी दिला. आजीने मात्र एक गोष्ट पाहिली होती. रात्री दोन वाजता नातू ओसरीवर अंधारात एकटाच बसलेला होता. सकाळी तिने ते सांगितले, तेव्हा ‘मोबाइल बघत असेल,’ म्हणून तो विषय संपला. दुसऱ्या दिवशी पोर एस.टी.त बसले.

हे घर कोणा एकाचे नाही. थोड्याफार फरकाने ते आज पुण्यात, नागपुरात, डोंबिवलीत, कोल्हापुरात कोठेही भेटेल. या घरात माया नाही असे कोण म्हणेल? आईने डब्यात चकल्या-लाडू भरून दिले, वडिलांनी वर्गाच्या शुल्कासाठी कर्ज काढले, आजीने हातावर शंभराची नोट ठेवली. माया ओसंडून वाहत होती. उणे होते ते एवढेच की, मुलाचे पोट जे सांगत होते ते कोणी ऐकले नाही.

दुखणे किती मोठे आहे?

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात तेरा ते सतरा या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांचा वर्ग धरला, तर प्रत्येक वर्गात अशी चार मुले बसलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दहा ते एकोणीस वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला मानसिक आरोग्याची समस्या असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले, आणि राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. ज्ञानोबा-तुकोबांच्या, फुले-कर्वे-भाऊरावांच्या या प्रांतात विद्यार्थ्याला जगणे नकोसे व्हावे, हा आकडा वाचून पान उलटता येणार नाही.

मात्र या आकड्यांचा अर्थ लावताना घाई नको. ‘नापास झाला म्हणून जीव दिला’ असे वृत्तपत्राच्या मथळ्यात एका ओळीत बसते. प्रत्यक्षात कारण क्वचितच एक असते. अनुवंशिकता, घरातील ताणतणाव, वर्गात होणारी चेष्टा किंवा छळ, लैंगिक अत्याचाराचा दडपलेला अनुभव, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, न ओळखलेले नैराश्य, असे अनेक धागे एकमेकांत गुंतलेले असतात. निकाल हा पुष्कळदा अखेरचा धक्का असतो. मूळ पोखरणे त्याआधी कित्येक महिने चाललेले असते. म्हणूनच पालकांनी सावध व्हायचे ते निकालाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ असे वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात. होते, पण त्याला नाव नव्हते. ‘घुम्या आहे’, ‘तापट आहे’, ‘अंगात येतं’, ‘बाहेरची बाधा’ अशा शब्दांखाली ते झाकले जाई. शिवाय घरात आत्या, काका, चुलत भावंडे असत. बापाने कान धरला तर आजीच्या पदराआड जाता येई. आज तीन खोल्यांच्या घरात आई, बाबा आणि एक मूल. त्या मुलाला आई-बाबांविरुद्ध तक्रार करायची असेल, तर ती कोणाकडे करायची?

ओळखावे कसे?

मोठ्या माणसाचे नैराश्य उदास चेहऱ्याने दिसते. किशोरवयीन मुलाचे नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते, आणि येथेच पालकांची फसगत होते. उदास मुलाची कीव येते, चिडक्या मुलाला शिक्षा होते. आजार तोच असतो.

काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. झोप एकदम कमी होणे किंवा दिवसभर झोपून राहणे, भूक बदलणे, जिवलग मित्रांना टाळणे, आवडीचा खेळ, वाद्य, चित्रकला अकस्मात सोडून देणे, चांगल्या चाललेल्या अभ्यासात घसरण होणे, शाळेच्या वेळेलाच डोके किंवा पोट दुखणे, उन्हाळ्यातही हात झाकून ठेवणे, ‘मी कशालाच लायक नाही’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असे शब्द तोंडून निघणे. एखाद्या दिवसाची नाराजी कोणत्या मुलाला येत नाही? परंतु अशा खुणा दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्या आणि त्यांनी रोजचे खाणे, झोपणे, शिकणे विस्कटले, तर तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. त्यातही मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा कानावर आली, तर दोन आठवडेच काय, दोन दिवसही थांबू नये.

पोटदुखीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोनोग्राफीत काही निघाले नाही, म्हणजे मूल खोटे बोलत आहे असे नव्हे. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंची सतत देवाणघेवाण चालू असते. भीतीने पोटात गोळा येतो हे मराठी माणसाला विज्ञानाने सांगण्याची गरज नाही, ते आपल्या भाषेनेच शतकानुशतके नोंदवून ठेवले आहे. वेदना खरी असते, फक्त तिचे मूळ पोटात नसते.

तीच गोष्ट झोपेची. किशोरवयात झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलाला लवकर झोप येत नाही. हा आळस नसून शरीरधर्म आहे. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यकशास्त्र सांगते. पहाटे चारला उठवून आणि रात्री बाराला निजवून ती कशी मिळावी? शिवाय आवेगाला लगाम घालणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. सोळा वर्षांच्या मुलाची उंची बापाएवढी झालेली असते, म्हणून त्याचे मनही तेवढे झाले असे धरून चालणे ही आपली चूक.

ऐकणे म्हणजे काय?

घरोघरी मुलांशी बोलणे होत नाही असे नाही. ‘आज चाचणीत किती पडले?’ ‘डबा संपवलास का?’ ‘मोबाइल ठेव आता.’ दिवसभरातील संवाद या तीन वाक्यांत संपत असेल, तर त्याला चौकशी म्हणावे लागेल, संभाषण नव्हे. मुलगी म्हणते, ‘बाबा, मला वर्गात जावंसं वाटत नाही.’ त्यावर बाबा तत्काळ म्हणतात, ‘एवढे पैसे भरलेत, माहीत आहे ना?’ दार तेथेच बंद झाले. त्याऐवजी ‘बरं, ये बस. काय होतं तिथं?’ एवढे म्हणून पाच मिनिटे गप्प बसता आले, तर निम्मे काम होते. ही पाच मिनिटे फार अवघड असतात, कारण उपदेश आपल्या जिभेच्या टोकावर तयार असतो.

ऐकण्याचे म्हणून काही पथ्य आहे. मूल बोलत असताना मध्येच उपाय सुचवू नये. त्याचे दुःख मोजून दाखवू नये. ‘यापेक्षा किती वाईट दिवस आम्ही काढले’ हे वाक्य खरे असले तरी त्या क्षणी निरुपयोगी असते. शेजारच्या मुलाचे, मावसबहिणीचे नाव तर चुकूनही घेऊ नये. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी फोनवर मावशीला कळता कामा नये. समोरासमोर बसून बोलणे जड जात असेल तर भाजी निवडताना, दुचाकीवरून जाताना, रात्री अंगणात फेऱ्या मारताना बोलावे. डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा मुले अधिक मोकळी होतात.

याचा अर्थ शिस्त सोडावी असा नव्हे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. नुसती जरब आणि नुसती मोकळीक या दोहोंपेक्षा, माया भरपूर आणि नियमही स्पष्ट अशा घरातील मुले अधिक सक्षम होतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. मोबाइलच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. तो हिसकावून घेण्याने भांडण होते. रात्री साडेदहानंतर घरातील सर्वांचे फोन, आई-बाबांचेही, बैठकीच्या खोलीत एका जागी ठेवले जातात, हा नियम टिकतो, कारण त्यात न्याय आहे.

गुणांचा हिशेब

आता परीक्षेविषयी. २०२५ साली ‘नीट’ परीक्षेला देशभरातून बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एम.बी.बी.एस.च्या जागा देशात सुमारे सव्वा लाख. म्हणजे बसलेल्या मुलांपैकी वीस लाखांहून अधिक मुलांना त्या वर्षी तेथे प्रवेश मिळणारच नव्हता, मग त्यांनी रात्रीचा दिवस केला तरी. ही साधी वजाबाकी मुलाला वर्गात कोणी सांगत नाही. ती घरानेच सांगायला हवी, आणि परीक्षेनंतर नव्हे, प्रवेश घेण्यापूर्वी. ‘प्रयत्न मनापासून कर. नाही जमलं तर दुसरा रस्ता आपण मिळून शोधू,’ हे वाक्य आई-वडिलांच्या तोंडून मुलाने आधी ऐकलेले असेल, तर निकालाच्या दिवशी घरी येताना त्याचे पाय अडखळणार नाहीत. दहावी-बारावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी राज्य मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. दार बंद होत नाही. ते बंद झाले असे वाटायला लावतो तो निकालाच्या संध्याकाळी वाजणारा नातेवाइकांचा फोन. त्या संध्याकाळी फोन कोणी घ्यायचा आणि काय सांगायचे, हे आई-बाबांनी आधीच ठरवून ठेवावे.

कौतुकही विचारपूर्वक करावे. ‘तू हुशार आहेस’ असे सतत ऐकलेल्या मुलाला पहिले अपयश आले की आपण हुशार नाही असेच वाटू लागते. ‘तू ते गणित तीनदा करून पाहिलंस, ते आवडलं’ हे कौतुक त्याच्या हाती राहते, कारण प्रयत्न त्याच्या हातचा असतो.

कार्यकर्त्याचे घर

या सभागृहात सामाजिक कामात गढलेली पुष्कळ मंडळी आहेत, म्हणून एक गोष्ट थोडी कटू असली तरी बोलायला हवी. गावात कोणाच्या घरी दुःख झाले तर धावून जाणारा, दहा मुलांचे शुल्क गोळा करणारा कार्यकर्ता रात्री अकराला घरी येतो, तेव्हा त्याचे स्वतःचे मूल झोपलेले असते. रविवारी बैठक, सुट्टीत दौरा. बाबा सर्वांचे आहेत, हे मुलाला अभिमानाने ठाऊक असते; परंतु आपलेही आहेत का, हा प्रश्न ते विचारू शकत नाही. अशा घरातील मुलांवर आणखी एक ओझे असते. ‘अमक्यांचा मुलगा असून असा?’ हे वाक्य त्यांना चारचौघांत ऐकावे लागते. समाजासाठी दिलेला वेळ थोर आहे. पण तो मुलाच्या वाट्याचा वेळ कापून दिलेला असेल, तर त्याची किंमत मूल मोजत असते. आठवड्यातील एक संध्याकाळ बैठकीइतक्याच काटेकोरपणे मुलासाठी राखून ठेवावी. आणि कामाचा सगळा भार एकटीने वाहणाऱ्या आईच्या मनाचीही विचारपूस व्हावी. आई-वडीलच खचलेले असतील तर मुलाने आधार कोणाचा घ्यायचा?

उपचाराची लाज नको

समजूत आणि प्रेम पुष्कळ करू शकते, सर्व काही नव्हे. ताप उतरला नाही तर आपण डॉक्टरकडे जातो, मनाच्या बाबतीत मात्र ‘लोक काय म्हणतील’ हा पहिला विचार येतो. मनाच्या उपचाराची कल्पना आपल्याला परकी नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील एक ‘सत्त्वावजय’, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरण्याची चिकित्सा. ज्या परंपरेने मनाला औषधाइतके महत्त्व दिले, तिच्या वारसांनी मनोविकाराला कलंक मानावे हे विपरीतच. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने मानसिक आरोग्य हा विषय मराठी मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेला, हेही येथे नोंदवावे.

कोणाकडे जावे? समुपदेशक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संवादातून, विचारांची सवय बदलून उपचार करतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात, ते गरजेनुसार औषधही देतात. औषध सुरू झाल्यावर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि आरंभीच्या काळात मुलाकडे अधिक लक्ष ठेवावे लागते. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ते बंद करू नये. दूरध्वनीवरून बोलायचे असेल तर केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचे संरक्षण द्यावे लागते, हेही पालकांना ठाऊक असावे.

सर्वांत कठीण प्रश्नाविषयी. मूल मरणाची भाषा बोलू लागले, तर ‘असलं अभद्र बोलू नको’ म्हणून गप्प करू नये. शांतपणे, सरळ शब्दांत विचारावे, ‘जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले, याने मन हलके होते. उत्तर ‘हो’ आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, मुलाला एकटे सोडू नये. घरातील औषधे, शेतीची कीटकनाशके कुलुपात ठेवावीत आणि त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. असा प्रयत्न घडलाच, तर रुग्णालयात नेण्यास पोलिसांच्या भीतीने विलंब करू नये. २०१७च्या कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र तणावाखालील मानले असून, तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे.

शाळा आणि शिकवणी वर्गांनाही प्रश्न विचारण्याचा हक्क आता पालकांच्या हाती आहे. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. प्रवेश घेताना आपण निकालाचे फलक पाहतो, वसतिगृहाची खोली पाहतो. यापुढे ‘आपल्याकडे समुपदेशक कोण आहेत आणि ते कोणत्या वेळी भेटतात?’ हेही विचारावे. दहा पालकांनी विचारले की संचालकांना उत्तर शोधावेच लागेल.

आता आरंभीच्या त्या घराकडे परत जाऊ. ओसरीवर रात्री दोन वाजता नातू बसला आहे. आजीला जाग आली आहे. तिला मानसशास्त्राचा एकही शब्द येत नाही. पण ती उठून त्याच्या शेजारी बसू शकते, अंगावर गोधडी टाकून ‘झोप येईना होय रे बाळा?’ एवढे विचारू शकते. सकाळी ती सांगेल तेव्हा वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकू शकतात. ‘चार दिवस राहा. पोटाचं बघू, आणि जे काही असेल तेही बघू,’ असे म्हणू शकतात. या चार दिवसांनी एक चाचणी बुडेल, तीही लातूरच्या शेकडो चाचण्यांतील एक.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आज रात्री एखादे मूल जागे असेल. घरी गेल्यावर दिवा मालवण्यापूर्वी एकदा त्याच्या खोलीत डोकवावे, आणि गुणांखेरीज काहीतरी विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. तरीही उद्या पुन्हा विचारावे.